नातवाला सांभाळायला घरात तुम्ही एकट्याच आहात काय?

या वेळचं पत्र येळ्ळूर-धामणे भागातल्या एका आक्कांचं आहे. थोडं कमी करून, बाकी त्यांच्याच शब्दांत देते.

"ताई, नमस्कार. माझं शिक्षण सातवी, चुकलंमाकलं सांभाळून घ्या. सून बेळगावात एम.ए.ला आहे, दुसऱ्या वर्षाला. नातू दहा महिन्यांचा. ती सकाळी साडेसातच्या बसनं जाती, सांजचं पाचला येती, तवर पोरगं माझ्याकडं. मीच म्हटलं होतं शीक म्हणून. खरं आता माझ्यानं होईना झालंय. गुडघे धरल्यात. पोरगं रांगायला लागलंय, एक मिनिट नजर काढायची सोय नाही, चुलीकडंच जातंय. सुगी तोंडावर आली. परवा मी बोलून गेले, यंदा बंद कर, पोरगं मोठं झालं की बघ. त्या दिवसापास्नं ती माझ्याशी नीट बोलत नाही. तिकडं कॉलेजात बी हजेरी कमी पडतीया म्हणून मॅडमनी गॅप घे म्हटलंय. पोरगा उद्यमबागेत फौंड्रीत आहे, तो म्हणतो तुम्ही बायका बघून घ्या. गल्लीत सगळी म्हणतात, सासू असावी तर अशी. आतून मला रडू येतंय. माझं चुकलं काय?"

आक्का, तुमचं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. कॉलेजात शिकवत होते तेव्हा लेकुरवाळ्या मुली माझ्या वर्गात असायच्या आणि त्यांची गाऱ्हाणी मी ऐकायची. त्यांच्या घरी मूल कोण धरून बसलंय, तिचं काय होतंय, हे कुणी लिहून कळवत नाही. तुम्ही कळवलंत, फार बरं झालं.

आधी तुमच्या प्रश्नाचं उत्तर. दमलात यात तुमचं काही चुकलेलं नाही. दहा महिन्यांचं रांगतं मूल दिवसाचे नऊ-साडेनऊ तास एकट्या बाईनं सांभाळायचं, वर स्वयंपाक, जनावरं, शेतावर भाकरी पोचवायची, हे तिशीतल्या बाईलाही झेपत नाही. "बंद कर" हे शब्द मात्र तुम्ही मागे घ्यावेत असं मला मनापासून वाटतं. तुमचा त्रास खरा आहे, पण तो तिच्या शिकण्यामुळे झालेला नाही. घरात चार मोठी माणसं असताना मूल एकटीच्या मांडीवर आलं, त्यामुळे झालाय.

तुम्ही लिहिलंय, पोरगा म्हणतो तुम्ही बायका बघून घ्या. या वाक्यापाशी मी बराच वेळ थांबले. फौंड्रीतलं काम अंगमेहनतीचं असतं, भट्टीपुढे उभं राहून माणूस घरी येतो तेव्हा तो दमलेलाच असतो, हे मला मान्य आहे. पण त्याच्या पाळ्या बदलत असणार. दुपारची पाळी असते त्या आठवड्यात तो सकाळभर घरीच असतो. त्या आठवड्यात सकाळी उठल्यापासून कामावर निघेपर्यंत मूल त्याचं. अंघोळ, भरवणं, शी-शू, सगळं. पहिली पाळी असेल तर चारनंतर त्याचं. रात्रपाळीच्या आठवड्यात त्याला दिवसा झोप हवीच, तेव्हा त्याला उठवू नका, पण उठल्यावर तासभर तरी त्यानं मुलाला घेऊन देवळापर्यंत फिरून यावं. यात "आईला मदत करतो" असं काही नाही, मूल त्याचंच आहे. आणि हे त्याला तुम्ही सांगायचं. सुनेनं सांगितलं तर भांडण होईल, तुम्ही सांगितलंत तर तो ऐकेल.

मालकांचंही तेच. शेतातनं जेवायला आले की मुलाला त्यांच्यापुढे ठेवा आणि तुम्ही अर्धा तास आडव्या व्हा. आजोबांना नातू धरता येत नाही असं आपणच ठरवून टाकलेलं असतं.

आता तुमच्या गुडघ्यांबद्दल. तुम्ही अजून पाय पसरून, पायांवर घेऊन नातवाला अंघोळ घालत असाल तर आजपासून बंद करा. आठ-नऊ किलोचं, साबण लागून निसटणारं मूल पायांवर पेलायचं आणि वर ते घेऊनच जमिनीवरून उठायचं, यानं चांगले गुडघेही धरतील. त्या वयाचं मूल टबात बसतं. सुनेनं सकाळी जाण्याआधी नाहीतर तुमच्या मुलानं नातवाची अंघोळ उरकावी. स्वयंपाकघराच्या दाराला कमरेएवढी फळी आडवी ठोकून घ्या, सुताराचं तासाभराचं काम आहे, चुलीची काळजी मिटेल. भरलेली बादली खाली ठेवू नका, हौदावर झाकण हवं. आणि साडीच्या झोळीत आता त्याला एकटं टाकून कामाला जाऊ नका, या वयाची मुलं झोळीत उठून बसतात आणि तोंडावर पडतात. गुडघ्यांचं एकदा सरकारी दवाखान्यात तरी दाखवून या. दाखवायला जाल त्या दिवशी मुलाला रजा टाकायला सांगा.

सुगीचं काय करायचं? कापणी-मळणीच्या दिवसांत गावात पैसे देऊनही बाई मिळत नाही, सगळी शेतात असतात. मग एक मार्ग उरतो आणि आपल्याकडे मानापमानामुळे तो कुणी धरत नाही. विहीणबाईंना पंधरा-वीस दिवसांसाठी बोलावून घ्या. सुनेच्या आईला नातू सांभाळायला बोलावलं तर लोक काय म्हणतील, असं मनात येईल. काही म्हणत नाहीत हो, आणि म्हटलं तरी दोन दिवस. त्यांना जमत नसेल आणि सुनेचं माहेर बसच्या वाटेवर असेल, तर तेवढे दिवस तिनं मुलासकट माहेरी राहून कॉलेजला जावं. सुगी झाली की परत.

एरवीच्या महिन्यांसाठी गल्लीतलीच एखादी ओळखीची, खात्रीची बाई दुपारी दोन-तीन तास ठेवता आली तर ठेवा. पैसे मुलाच्या पगारातनं. तुमच्या नावावर कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे महिन्याला २,००० रुपये येत असतील, तर त्याला हात लावू नका, ते तुमचे आहेत. शक्ती योजनेमुळे जून २०२३ पासून सुनेला लाल बसचं तिकीट पडत नाही, महिन्याच्या पासाचे पैसे वाचतात, निदान तेवढे तरी त्या बाईला देता येतील.

ग्रामपंचायतीतही एक चौकशी करा. सरकारनं २०२३-२४ मध्ये राज्यातल्या ४,००० ग्रामपंचायतींत 'कूसिन मने' नावाची पाळणाघरं काढायचं ठरवलं, तीन वर्षांखालच्या मुलांसाठी. मुळात ती रोजगार हमीवर जाणाऱ्या बायकांसाठी आहेत. तुमच्या पंचायतीत ते चालू आहे का, तुमच्या नातवाला घेतील का, हे पीडीओंना, म्हणजे पंचायतीच्या विकास अधिकाऱ्यांना, जाऊन विचारा. आशाताईंना किंवा अंगणवाडीच्या बाईंना सोबत न्या, त्यांना कन्नडमधलं बोलणंही जमतं आणि कागदही कळतात. नुसतं चालू आहे एवढ्यावर मूल सोडू नका. आधी दोन दिवस तुम्ही जाऊन बसा. किती मुलं आहेत, बाया किती आहेत, पाणी कुठलं देतात, दार बंद राहतं का, हे डोळ्यांनी बघा. अंगणवाडीत मूल दिवसभर बसवायचं तर तीन वर्षांचं व्हावं लागतं, तो मार्ग अजून लांब आहे.

आता सुनेबद्दल. हा भाग तिला वाचून दाखवा, किंवा तिच्याच हातात द्या.

बाळ, "गॅप घे" हे मॅडमनी चांगल्या मनानं म्हटलं असेल. तरीही घेऊ नकोस. माझ्या पाहण्यात गॅप घेतलेल्या मुलींपैकी परत आलेल्या फार थोड्या. पुढच्या वर्षी मूल पळायला लागलेलं असतं, त्याला धरणं रांगत्या मुलाहून अवघड. तोवर घरात पाठीवरच्या दुसऱ्याचा विषय निघतो. अभ्यासाची सवय मोडते, सोबतच्या मुली पास होऊन गेलेल्या असतात, नोट्स मागायला कुणी उरत नाही. तुझं तिसरं सेमिस्टर अर्ध्यावर आलंय, पुढे एकच. एवढं काढ.

हजेरीचा हिशेब वहीत मांड. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमाप्रमाणे एका सेमिस्टरला निदान ९० दिवस शिकवणं व्हायला हवं. ७५ टक्के हजेरी धरली तर २२ दिवस चुकले तरी चालतात. हजेरी बहुतेक ठिकाणी विषयवार धरतात, म्हणून कुठल्या विषयात किती तास गेले हे तुला तोंडपाठ हवं. आजवर किती गेले ते ऑफिसातनं काढून घे, उरलेले दिवस मुलाच्या तापासाठी राखून ठेव. सोळाव्या महिन्यानंतर त्याचे गोवर-रुबेलाचा दुसरा डोस आणि ट्रिपलचा बूस्टर येतील, ते चौथ्या सेमिस्टरच्या धामधुमीत येतील. लसीकरणाचा दिवस आशाताईंना आधीच विचारून ठेव. लसीनंतर एक-दोन दिवस मूल किरकिरतं, ताप येतो, तेही धरून चाल. दवाखान्यात नेलंस की तारखेसकट चिठ्ठी घे आणि फाइलला लाव. हजेरीत सूट मागताना हेच कागद कामी येतात.

आणि सूट माग. तोंडी मागू नकोस, लिहून दे. तुला माहीत असायला हवं म्हणून सांगते: १४ डिसेंबर २०२१ रोजी आयोगानं देशातल्या सगळ्या कुलगुरूंना पत्र पाठवलं. त्यात पदवी आणि पदव्युत्तर शिकणाऱ्या विद्यार्थिनींसाठी बाळंतपणाच्या रजेचे नियम करा, हजेरीत सवलत द्या, परीक्षेचा फॉर्म भरायची मुदत वाढवून द्या, असं म्हटलंय. संलग्न कॉलेजांचाही त्यात उल्लेख आहे. पीएच.डी. करणाऱ्या बायकांना तर २०१६ पासूनच २४० दिवसांची रजा नियमात आहे, २०२२ च्या नियमांतही ती कायम आहे. एम.ए., बी.एड. करणाऱ्या मुलींसाठी मात्र आयोगानं आपापले नियम करा एवढंच सांगितलं, त्यामुळे कुठे नियम झाले, कुठे पत्र फायलीत पडून राहिलं. केरळनं जानेवारी २०२३ मध्ये आपल्या विद्यापीठांतल्या १८ वर्षांवरच्या विद्यार्थिनींना ६० दिवसांपर्यंतची बाळंतपणाची रजा मंजूर केली. त्याच वर्षी मे महिन्यात दिल्ली उच्च न्यायालयानं मेरठच्या विद्यापीठात एम.एड. करणाऱ्या एका मुलीच्या बाजूनं निकाल दिला. शिक्षण की मूल, यातलं एक निवड, असं विद्यापीठ कुणाला म्हणू शकत नाही, हा त्या निकालाचा गाभा. याउलट २०१८ मध्ये त्याच न्यायालयात कायद्याचं शिक्षण घेणाऱ्या एका विद्यार्थिनीला हजेरीच्या कारणावरून दिलासा मिळाला नव्हता. म्हणजे हा हक्क अजून पक्का झालेला नाही, मागावा लागतो. बी.एड.ला तर वर्गाला ८० टक्के आणि शाळेतल्या इंटर्नशिपला ९० टक्के हजेरी लागते. तुझ्या मैत्रिणी पुढे तिकडे वळणार असतील तर त्यांनाही हे सांगून ठेव.

तुझं बाळंतपण पहिल्या वर्षातच झालं, त्यामुळे रजेचा प्रश्न मागे पडला. तुला हवीय ती हजेरीतली सूट, आणि मूल आजारी असताना चुकलेली इंटर्नल दुसऱ्या तारखेला द्यायची मुभा. अर्ज विभागप्रमुखांमार्फत प्राचार्यांच्या नावे लिही. त्यात मुलाची जन्मतारीख, आजवरची हजेरी, किती टक्के कमी पडते ते आकड्यात, आणि आयोगाच्या त्या पत्राची तारीख घाल. आपल्या जिल्ह्यातली बहुतेक कॉलेजं राणी चन्नम्मा विद्यापीठाला जोडलेली आहेत, कॉलेजच्या हातात नसलेली सूट विद्यापीठाकडे मागावी लागते. म्हणून शेवटी "माझा अर्ज विद्यापीठाकडे पाठवावा" ही ओळ विसरू नकोस. ऑफिसचं काम कन्नडमध्ये चालतं. तुझं कन्नड कच्चं असेल तर इंग्रजीत लिही, किंवा एखाद्या कन्नड मैत्रिणीला बसवून लिहून घे. दोन प्रती ने, एकीवर इनवर्डचा शिक्का आणि नंबर घे. शिक्का नसेल तर तो अर्ज दिलाच नाही असं समज.

आणखी एक, सासूबाईंशी बोल. त्या चिडून बोलल्या, कारण त्या थकल्यात. तुझं शिक्षण त्यांच्या डोळ्यांत खुपत असतं तर दहा महिने त्यांनी मूल धरलं नसतं. रविवारी पूर्ण दिवस मूल तुझ्याकडे आणि त्या मोकळ्या, मग त्या शेतात जावोत, बहिणीकडे जावोत नाहीतर झोपून राहोत, एवढं तू आपणहून सांग.

जे प्राध्यापक हे सदर वाचतात त्यांच्याशीही मला बोलायचं आहे. मी एकदा लेडीज रूममध्ये गेले तर आतल्या बाथरूमच्या दाराची कडी तुटलेली, तिथे ओढणी बांधून दार ओढून धरलेलं, आणि आत एक विद्यार्थिनी उभ्याउभ्या दूध पिळून मोरीत टाकत होती. घरी मूल होतं, इथे छाती दगड झालेली. पुढच्या तासाला ती पहिल्या बाकावर बसून टिपणं काढत होती. अशा मुलीला आपण काय देतो? कडी असलेलं दार, एक खुर्ची आणि हात धुवायला बेसिन, एवढी एक खोली कॉलेजात निघत नाही? बाळंतपणाच्या रजेच्या कायद्यानं २०१७ पासून ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय हवी. तो कायदा कर्मचाऱ्यांसाठी आहे, पण ते पाळणाघर उघडलं तर विद्यार्थिनींच्या मुलांना दार बंद ठेवायचं काही कारण नाही. त्याच कायद्यानं नोकरदार बाईला २६ आठवड्यांची पगारी रजा आहे. ती घेऊन परत कामावर आलेल्या आपल्या प्राध्यापिका भगिनींनी तरी वर्गातल्या आईला "गॅप घे" हे सगळ्यात शेवटी सांगावं. आधी विचारा, किती हजेरी कमी आहे, कुठल्या दिवशी अडचण येते, नोट्स कोण देतं. सकाळच्या पहिल्या तासाला ती दहा मिनिटं उशिरा आली तर दारात उभी करू नका. मोकळ्या बसा सकाळी मिळत नाहीत, आलेली बस लोंबकळत जाते, हे बेळगावात शिकवणाऱ्याला सांगायला नको. वर्गात बाप झालेली मुलंही असतात. त्यांना कधी कुणी गॅप घे म्हटल्याचं माझ्या कानावर नाही.

आक्का, परत तुमच्याकडे येते. घरात बोलायला सगळी एकत्र असतील ती वेळ धरा, रात्री जेवणं झाल्यावर. सुनेला आधी एकटीला गाठून सांगा की बंद कर म्हटलेलं मी मागं घेतलं, पण मला एकटीला होत नाही, आपण वाटून घेऊ. मग सगळ्यांपुढे आठवड्याचा कागद करा. सोमवार ते रविवार, सकाळ-दुपार-सांज, मूल कुणाकडं. पाळी बदलली की कागद बदला. तुमच्या नावापुढे निदान दोन दुपारा कोऱ्या राहिल्या पाहिजेत. नाही राहिल्या तर कागद पुन्हा करा. आणि इतकं करूनही नाहीच जमलं, गुडघे उठूच देईनात, तर तसं सांगायचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. मग पाळणाघर, विहीणबाई, ठेवलेली बाई यातलं काय ते मुलानं आणि सुनेनं मिळून ठरवायचं. तुम्ही अपराधी वाटून घ्यायचं नाही.

सुनेला म्हणावं, अर्ज लिहून झाला की कॉलेजात देण्याआधी याच पत्त्यावर माझ्याकडे पाठव. मी वाचून, दुरुस्त करून लगेच परत करते. आयोगाच्या पत्राची प्रतही त्यासोबत जोडून देईन.